तुम्ही विचारलेत म्हणून: संगणकाच्या तासाला वही कशाला?

‘कॉम्प्युटरला घातलंय, मग पोरगं महिनाभर वहीतच काय लिहितंय?’ अकरावीचे प्रवेश झाले की हा प्रश्न मला दर वर्षी पालक विचारतात, त्यानंतर स्टाफरूममधील सहकारी विचारतात, आणि दिवाळीत सांगलीला घरी आलेले माजी विद्यार्थीही आता तो हसत हसत विचारू लागले आहेत. आजवर मी ‘पाया पक्का होतो’ असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. त्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही, माझेही होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या मनातील शंका. लॅबमध्ये २० मशीन, त्यांतील दोन-तीन कायम बंद, आणि तुकडी ४० मुलांची, म्हणून मास्तरांनी ही युक्ती काढली असावी, असे तुम्हाला वाटते. त्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मात्र उद्या कोणी ४० मशीन आणून दिली, तरी पहिला महिना मी वहीचाच ठेवीन.

त्या वहीत काय चालते ते सांगतो. दहावीचे बीजगणित नुकतेच संपवून आलेल्या मुलांसमोर मी फळ्यावर ‘एक्स बरोबर एक्स अधिक एक’ असे लिहितो. हुशार मूल दोन्ही बाजूंचा एक्स काढून टाकते आणि ‘शून्य बरोबर एक, म्हणजे हे चूकच आहे’ असे सांगते; गणिताच्या हिशेबाने त्याचे म्हणणे बिनतोड असते. मग आम्ही तक्ता आखतो. डावीकडे ओळीचा क्रमांक, प्रत्येक व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या एक्ससारख्या नावाला, एक रकाना, अट खरी की खोटी याला एक रकाना, आणि शेवटी आउटपुट. जुनी किंमत खोडरबराने पुसायची नाही, तिच्यावर आडवी रेघ मारून खाली नवी लिहायची. सहा फेऱ्यांचा लूप असेल तर एका रकान्यात सहा रेघा मारलेले आकडे उभे राहतात, आणि ‘बरोबर’च्या चिन्हाचा येथे अर्थ ‘उजवीकडचे डावीकडे ठेव’ असा आहे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याला आम्ही ड्राय रन म्हणतो.

मी पूर्वी असे शिकवत नव्हतो. ते बदलले २०१९ च्या महापुरानंतरच्या हिवाळ्यात.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीच्या मुलाला शाळेत शिकवावे लागत नाही. म्हणून मी इफ-एल्सचा, म्हणजे अटी वरून खाली तपासत जायचे आणि पहिली खरी ठरेल तेथेच थांबायचे याचा, सराव त्यावरच दिला: पाण्याची पातळी विचारा आणि ‘सुरक्षित’, ‘इशारा’ किंवा ‘धोका’ यांपैकी योग्य शब्द छापा. वर्गातील सर्वांत वेगवान मुलाने तो दहा मिनिटांत लिहिला. त्याने ३० टाकले, ‘सुरक्षित’ आले. ४२ टाकले, ‘इशारा’ आले. आणि जर्नलवर सही घेण्यासाठी तो उभा राहिला. त्याच्याच मशीनवर शेजारी एक मुलगी बसत असे. ती सांगलीवाडीची होती आणि तिला कीबोर्ड क्वचितच मिळे, कारण दोघांत एक मशीन असले की ज्याचे हात चपळ त्याचे राज्य असते. ती म्हणाली, ‘सर, ५७ टाकून बघू का?’ त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते.

स्क्रीनवर ‘इशारा’ आले.

वर्ग हसला. त्या मुलीच्या घरात पाणी पत्र्याला लागले होते, हे आठवताच तो गप्पही झाला. पुढे जे झाले ते मला आजही जसेच्या तसे दिसते. त्या मुलाने प्रोग्राम वाचला नाही. त्याने तो पुन्हा कंपाईल केला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवला. मग एक कंस काढून पुन्हा घातला, पुन्हा रन केला, सगळे पुसले आणि पाठ असल्यासारखे तसेच्या तसे टाइप केले. त्याचे कान लाल झाले होते आणि तो एकच वाक्य म्हणत होता, ‘सर, एरर तर एकपण नाहीय.’ मुलीने वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले, ५७ लिहिले, पहिल्या अटीपुढे ‘४० पेक्षा जास्त: खरी’ असे लिहिले आणि तेथेच थांबून म्हणाली, ‘हे खाली जातच नाही, सर. ४५ ची अट वर पाहिजे.’ कीबोर्ड मिळत नसल्यामुळे ती महिनोन्महिने शेजाऱ्याचा प्रोग्राम नुसता वाचत आली होती.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. ‘चारचौघांत पोराचा पोपट केलात,’ एवढेच म्हणाले आणि आठवडाभरात त्याला दुसरीकडे घातले. त्यांचा राग मला आजही अवाजवी वाटत नाही. पण मला जे टोचले ते वेगळे होते. एरर नाही म्हणजे उत्तर बरोबर आहे, हे त्या मुलाला मनापासून वाटत होते, आणि मशीनवर सर्वांत जास्त वेळ बसलेला तोच होता.

त्याआधीचा मी याच्या नेमके उलट भांडत असे. आमच्या काळी लॅबच्या दाराशी चपला काढायच्या, मशीनवरची कापडी झूल सरांनीच उचलायची, आणि वर्षभरात हात लागायचा तो प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात. त्या भीतीचा मला तिटकारा होता. १९६७ मध्ये गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा केली ती मुलांनी संगणकाला हवे ते करायला लावावे, चुकावे आणि दुरुस्त करावे म्हणून. हे मी सहकाऱ्यांना ऐकवत असे. तो जुना मी आज समोर बसला तर विचारील, ‘मग तुम्ही पुन्हा झूलच घातली की!’ मी त्याला २००४ ची, रेमंड लिस्टर हे संगणकशिक्षणाचे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांची पाहणी दाखवीन: अनेक देशांतील नवशिक्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांना छोट्याशा प्रोग्रामचे आउटपुटही सांगता आले नव्हते. जे वाचता येत नाही ते दुरुस्त कसे करणार? तो म्हणेल, वाचायला तरी मशीनवरच शिकू देत. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही.

उलट त्याच्या बाजूचा एक भक्कम पुरावा मीच देतो. ८ चे फॅक्टोरियल, म्हणजे १ ते ८ या आकड्यांचा गुणाकार, मुले वहीत ४०३२० काढतात, आणि ते बरोबर आहे. तोच प्रोग्राम पूर्णांक ठेवणाऱ्या साध्या इंट व्हेरिएबलने आमच्या लॅबमधील टर्बो सी प्लस प्लसवर चालवला की उत्तर येते उणे २५२१६. हा १९९० च्या सुमाराचा कंपायलर इंटला १६ बिट, म्हणजे शून्य किंवा एकच्या सोळा जागा, देतो, त्यात ३२७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही, आणि ४०३२० मधून ६५५३६ वजा होऊन उरलेले स्क्रीनवर येते. वहीच्या रकान्यात कितीही मोठा आकडा मावतो. हे शहाणपण कागद कधीच शिकवणार नाही, आणि ज्या वर्षी एका मुलीने हे दोन आकडे माझ्यापुढे ठेवून ‘मग खरं कुणाचं?’ असे विचारले, त्या वर्षी मी आठवडाभर जरा कमी ठामपणे बोलत होतो.

ती सांगलीवाडीची मुलगी नर्सिंगला गेली. तो मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि भेटला की सांगतो, ‘सर, मी कधी ड्राय रन केला नाही, काही अडलं नाही.’ खरेही असेल. आता तर एआय क्षणात प्रोग्राम लिहून देते, मग वही कशाला, हेही तुम्ही विचारता. एआयने दिलेल्या प्रोग्राममध्येही ४० ची अट ४५ च्या वर असू शकते आणि एरर तेव्हाही येत नाही, एवढेच मी म्हणेन.

यंदा थोडी तडजोड केली आहे. दर तासाची शेवटची वीस मिनिटे मशीनची, आणि जोडीतील ज्याने मागच्या वेळी टाइप केले त्याने या वेळी वाचायचे. आउटपुट आधी वहीत पेनने लिहायचे, मग रन करायचे, आणि जुळले नाही तर खाडाखोड न करता मशीनचे उत्तर शेजारी लिहायचे. तेव्हा घरी वही उघडल्यावर एकाच प्रोग्रामची दोन वेगळी उत्तरे दिसली, तर मला फोन करण्याआधी त्यातले कोणते का आले, हे मुलालाच विचारा.