साठ लिटर

१४ मे

पहाटे साडेतीनला पाणी आलं, पाचव्या दिवशी. टाकी, पिंप, कळशा, आईचा पितळी हंडा सगळं भरून झालं आणि मग पाईप तसाच ओढत अंगणात नेला आणि गाडीतली टाकी पहिल्यांदा भरली. साठ लिटर. एका हातात मोबाईलचा उजेड धरून दर पाच लिटरला मार्करने रेघ मारत गेलो. झाकण लावलं तेव्हा वाटलं, झाली मुक्कामाची गाडी तयार.

गाडी म्हणजे काकांची जुनी बोलेरो कॅम्पर, डबल केबिन, फोर व्हील ड्राईव्ह. मोहोळकडं शेतात कांदा आणि पेंड वाहून हौद्याचा पत्रा पार चेपलेला, फोर व्हीलचा दांडा वर्षानुवर्षं कुणी ओढलाच नव्हता, जाम झालेला. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका मिस्त्रीकडं हौद्यावर बसेल असा खोका करून घेतला, ॲल्युमिनियम शीट आणि आत थर्माकोल, बाहेरून पांढरा. चेसीला एक पण वेल्डिंग नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलंय, म्हणून चार बोल्ट काढले की दोघं जण खोका खाली उतरवू शकतील असंच करायला सांगितलं.

पण सगळ्यात जास्त डोकं पाण्यानं खाल्लं. आधी मी १२० लिटरची टाकी धरली होती. १२० लिटर म्हणजे १२० किलो, ते मागच्या फाळक्याजवळ ठेवलं तर चढाला पुढची चाकं हलकी होतात, आणि पुढच्या चाकांना पकडच नसेल तर फोर व्हीलचा उपयोग काय. तेव्हा आई म्हणाली, "अरे घरात पाच दिवस पाणी पुरवतोय की आपण, गाडीत तीन दिवस पुरवायला काय झालं?" बरोबर होतं तिचं. मग वही घेऊन बसलो. दोघांना मे महिन्यात प्यायला दिवसाला आठ लिटर, चहा-स्वयंपाकाला तीन, भांड्यांना दोन, हात-तोंड धुवायला दोन. पंधरा झाले. तीन दिवसांचे पंचेचाळीस आणि पंधरा शिल्लक. टाकी केबिनच्या अगदी पाठीला, मागच्या ॲक्सलच्या पुढं, खाली बसवली. नळाला इलेक्ट्रिक पंप नाही लावला, पायाने दाबायचा पंप लावला, एका दाबात निम्मा पेलाभर पाणी येतं. पाय थांबला की पाणी थांबतं.

फ्रीजचं पण असंच झालं. बारा व्होल्टचा फ्रीज घ्यायचं पक्कं होतं, पण आपल्या उन्हात त्याचा कॉम्प्रेसर बंदच होत नाही, दिवसाला पाचशे वॉट-तास तरी खाणार. आणि ठेवणार काय त्यात? कडक भाकरी आठवडे टिकते, शेंगाचटणी टिकते, कांदे काकांकडचे. फ्रीज रद्द. आता रात्रभर पंखा, दोन दिवे आणि मोबाईल, मिळून तीनशेच्या आसपास जातात. शंभर अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बाराशे ऐंशी वॉट-तासांची, म्हणजे आभाळ भरलेलं असलं तरी तीन दिवस निघतात. टपावर १६५ वॉटचं एक पॅनल आहे, तेवढं बास.

पॅनलवरून आठवलं. मागच्या आठवड्यात दुपारी दोनला चार्जिंग बंद पडायचं, रोज. वायरी तपासल्या, फ्यूज बदलला, दोन दिवस घालवले. शेवटी बॅटरीला हात लावून बघितला तर चटका बसला. छताच्या पत्र्याला लागूनच बसवली होती मी, सेल तापले की बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, स्वतःच चार्जिंग तोडत होतं. बॅटरी खाली सावलीत हलवली, पॅनल पत्र्यापासून दोन इंच वर उचललं, मधून वारा जातो. त्या दिवसापासून नीट चाललंय.

१८ मे

आलो काल रात्री. उजनीच्या काठाला होतो, करमाळ्याच्या बाजूला. आमच्या नळाचं पाणी मुळात याच धरणाचं, आणि त्याच्या काठाला बसून मी आणि बायको टाकीवरच्या रेघा मोजत होतो. सकाळी तांब्याभर पाण्यात दोघांचं तोंड धुवून व्हायचं. ताटं भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची, मग पंपाचे चार दाब पुरतात.

दुसऱ्या रात्री वळवाचा पाऊस झाला आणि सकाळी काळ्या मातीत गाडी निघेना. लो गिअर टाकला, चारी चाकं फिरत होती पण टायरची नक्षीच दिसत नव्हती, नुसते चिखलाचे गोळे. ओल्या काळ्या मातीत फोर व्हीलच्या जिवावर जाऊ नये. ऊन पडेपर्यंत थांबलो, खराट्याच्या काडीनं टायर कोरत बसलो, चहा केला, दुपारी वरची माती सुकल्यावर सहज निघालो. थांबायला पाणी आणि जेवण होतं म्हणून काही वाटलं नाही, नाहीतर ट्रॅक्टर शोधत फिरलो असतो.

दारात गाडी लावली तर आईनं प्रवास कसा झाला वगैरे काही विचारलं नाही.

"पाणी किती उरलं?"

"अठरा लिटर."

"मग अजून एक दिवस राहायचं की."

म्हणाली आणि ते अठरा लिटर कळशीत काढून घेतले, तुळशीला आणि फरशीला.