स्पीड टेस्ट झकास, फाईल मात्र हलेना

डोंबिवलीत घरगुती नेटवर्कची कामं करतो मी. राऊटर बसवणं, लॅन वायर ओढणं, कॅमेरे, आणि लोकांनी पकडलंच तर प्रिंटरसुद्धा. बहुतेक फोन "नेट स्लो आहे" असेच येतात, आणि बऱ्याचदा राऊटर टीव्हीच्या मागे नाहीतर लोखंडी कपाटावर सापडतो, तो हलवला की काम संपलं, चहा घेतला, निघालो. पण गेल्या लग्नसराईत एक केस आली ती अजून डोक्यातून जात नाहीये.

नवरा-बायको दोघं मिळून लग्नाचे व्हिडिओ करतात. दादा शूटला बाहेर, ताई घरी एडिटला. आता ४के फुटेज १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट, आठाने भागलं की एमबी) रेकॉर्ड केलं तर एका तासाचं ४५ जीबी होतं, त्यात हळद, लग्न, रिसेप्शन आणि दोन-तीन कॅमेरे, म्हणजे एका लग्नाचे २०० जीबी कुठेच गेले नाहीत. दादा शूटवरून एसएसडी (बाहेरून लावायची वेगवान डिस्क) आणून देणार, ताई ती लॅपटॉपला लावून वायफायवरून नासवर टाकणार. नास म्हणजे नेटवर्कला जोडलेला हार्डडिस्कचा डबा, त्यांचा पॅसेजमधल्या कपाटात होता. आणि कॉपीचा स्पीड काय, तर सेकंदाला २ एमबी. २०० जीबीला जवळजवळ २८ तास! एक लग्न डब्यात जाईपर्यंत दुसरं दारात उभं.

माझ्या आधी दोन जण येऊन गेले होते. केबलवाल्याच्या पोराने हॉलमध्ये राऊटरशेजारी उभं राहून फोनवर स्पीड टेस्ट घेतली, २०० च्या प्लॅनवर १९० आले, स्क्रीनशॉट काढला आणि तक्रार क्लोज. त्याचं काम तिथपर्यंतच हे मान्य, पण बाबा रे, एवढं तरी सांगून जा की लॅपटॉपवरून घरातल्याच डब्यात जाणारी फाईल इंटरनेटवर जातच नाही, तिचा तुमच्या प्लॅनशी काही संबंध नाही. त्याने ते सांगितलं नाही म्हणून ताईंनी प्लॅन वाढवायची चौकशी केली, आणि मग एका दुकानदाराने सहा अँटेनांचा "गेमिंग" राऊटर गळ्यात मारला, साडेआठ हजार. तोही त्याच टीव्ही युनिटमध्ये जाऊन बसला. कॉपी २ एमबी.

मी आल्या आल्या ताई एक वाक्य बोलल्या, "आणि कॉपी चालू असताना माउसपण अडकतो हो, पण लॅपटॉप जुना झालाय म्हणून असेल." दादा लगेच म्हणाले, "ते सोड गं, ते वेगळं आहे." गिऱ्हाईक असं जाता जाता जे बोलतं ना, ते मी वहीत लिहून ठेवतो. लिहिलं.

आधी नासकडे बघितलं, कारण तिकडे वायर होती आणि वायरीवर माझा पहिला संशय असतो. नासच्या सेटिंगमध्ये लिंक, म्हणजे वायरीवर ठरलेला वेग, दिसली १०० एमबीपीएस. डबा गिगाबिटचा म्हणजे १००० चा, राऊटर गिगाबिटचा, मग १०० का? केबलच्या आठ तारा तपासणारा टेस्टर लावला तर १, २, ३, ६ चे दिवे लागले आणि ४, ५, ७, ८ काळोख. हे बघितलं की मला फेसप्लेट (भिंतीवरच्या लॅन सॉकेटचं झाकण) उघडायच्या आधीच कळतं आत काय असणार ते. उघडली. निळी आणि तपकिरी जोडी बाजूला काढून इलेक्ट्रिशियनने व्हिडिओ डोअर फोनला दिलेली, आणि तो डोअर फोन कधीचा बंद पडून भिंतीवर नुसता लटकत होता. एका केबलमध्ये दोन कामं उरकायची ही आपल्याकडची फार जुनी कला आहे. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात म्हणून चालून जातं, कुणाला कळतही नाही, पण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. आठही तारा सरळ केल्या, दोन्हीकडे नव्याने क्रिंप केलं. जोड्यांचा पीळ मी पिनच्या तोंडाशी अर्ध्या इंचाच्या वर सोडवत नाही, अर्धा इंच म्हणजे अर्धाच इंच, याबाबतीत मी जरा खडूस आहे. लिंक १००० वर आली.

दादा खूश. म्हटलं थांबा. १०० ची लिंक असली तरी फाईल सेकंदाला ११ एमबीने जायला हवी होती, तुम्हाला मिळत होते २. म्हणजे हा दोष खरा, पण तुमचा चोर हा नाही. कॉपी लावून बघितली, २ च.

मग बेडरूममध्ये एडिटच्या टेबलावर बसलो. राऊटर हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती आणि बाथरूमची टाईल्स. राऊटरच्या दोन्ही बँडना (वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांना) एकच नाव दिलेलं, त्यामुळे लॅपटॉप आपला आपण २.४ गिगाहर्ट्झवर जाऊन बसलेला. त्या बँडवर आजूबाजूच्या बिल्डिंगचे एवढे वायफाय दिसत होते की लिस्ट स्क्रोल करावी लागत होती, त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, म्हणजे तिथे गर्दी असणारच. माझा लॅपटॉप नासच्या वायरीला लावला, ताईंच्या लॅपटॉपवरून आयपर्फ चालवलं. आयपर्फ फाईल-बिईल काही बघत नाही, या टोकाकडून त्या टोकाकडे नुसता डेटा ढकलतं, त्यामुळे डिस्कचा दोष आणि नेटवर्कचा दोष वेगळे पडतात. आकडा आला ६५ एमबीपीएस. आठाने भागा, सेकंदाला ८ एमबी. भारी नाही, पण २ पण नाही.

म्हणजे डिस्क मार खातेय? एसएसडीवरून लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर एक मोठी फाईल टाकून बघितली, सेकंदाला साडेतीनशे एमबी. डिस्क ठणठणीत. आता गंमत बघा, नेटवर्क एकटं बरं, डिस्क एकटी बरी, आणि दोघांना एकत्र कामाला लावलं की सासू-सुनेसारखं. इथे मला जरा घाम फुटला, खोटं कशाला बोला, कारण वायफायच्या बहुतेक केसमध्ये काहीतरी एक सरळसरळ मेलेलं असतं. इथे सगळंच जिवंत.

मग एक केलं. आयपर्फ चालूच ठेवलं, बाजूच्या विंडोत राऊटरला सलग पिंग लावलं (छोटी हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) आणि एसएसडीवरून लॅपटॉपवर कॉपी सुरू केली. ही कॉपी नेटवर्कवरून नाही हं, लॅपटॉपच्या आतल्या आतच. पिंग ३-४ मिलिसेकंद होतं ते २००, ३०० वर गेलं, मध्येच टाइमआउट, आणि आयपर्फ ६५ वरून १५ वर कोसळलं. १५ म्हणजे आठाने भागून जेमतेम २. ताईंचा आकडा! आणि त्याच वेळी माझ्या हातातला माउस स्क्रीनवर उड्या मारायला लागला.

माउस वायरलेस, त्याचं डोंगल एसएसडीला लागूनच, शेजारच्या पोर्टमध्ये. तो पण २.४ वरच बोलतो. वहीतलं वाक्य ताईंना वाचून दाखवलं.

प्रकार असा आहे की एसएसडीच्या यूएसबी ३ वायरीतून ५ गिगाबिटच्या वेगाने सिग्नल पळतो, आणि त्याचा जो रेडिओचा कचरा बाहेर सांडतो तो बरोबर २.४ ते २.५ च्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक सविस्तर पेपर काढला होता, आकृत्या आणि मोजमापांसकट. म्हणजे गुपित काहीच नाही. पण दुकानात एसएसडी विकताना हे कुणी सांगत नाही आणि स्पीड टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण स्पीड टेस्ट घेताना कुणी एसएसडीवरून कॉपी करत बसत नाही, आणि ती टेस्ट तर फोनवर, दुसऱ्या खोलीत घेतलेली. दुखणं फक्त काम चालू असतानाच होतं आणि तपासणारा काम थांबवून तपासत होता.

दादांना काही पटेना. "वायर काय हवेतल्या वायफायला त्रास देणार?" मग घरातल्या काकूंकडून पोळ्या गुंडाळायची फॉइल मागवली. त्यांना वाटलं डब्याला पाहिजे, "जेवूनच जा की" म्हणाल्या. केबल आणि एसएसडीचं तोंड फॉइलमध्ये नीट गुंडाळलं, टोक पोर्टमध्ये जाऊन काही शॉर्ट होऊ नये म्हणून वरून टेप मारला, आणि परत तीच कॉपी. आयपर्फ ३५. फॉइल काढली, १५. परत लावली, ३५. दादा फॉइलकडे बघतच राहिले. मग माझ्या बॅगेतली चांगली जाड, मीटरभर लांब केबल लावून एसएसडी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली तेव्हा ५५ पर्यंत आलं.

पण हे सगळं दाखवण्यापुरतं, खरा उपाय म्हणजे २.४ सोडणं. दोन्ही बँडना वेगवेगळी नावं दिली आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घेतला, तिथे हा कचरा पोचत नाही. मात्र त्या टेबलापर्यंत ५ चा सिग्नल उणे ७४ डीबीएम (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), म्हणजे अगदीच रडत. मग राऊटर टीव्ही युनिटमधून काढून पॅसेजमध्ये नासच्या शेजारी बसवला, आणि मघाशी दुरुस्त केलेली भिंतीतली वायर उलटी वापरली, हॉलमधल्या केबलवाल्याच्या इंटरनेटच्या डब्यापासून राऊटरपर्यंत. ती दुरुस्त केली नसती तर २०० चा प्लॅन आपोआप १०० झाला असता आणि शिव्या मला. टेबलावर सिग्नल उणे ६२, लिंक ५८५, आणि खरीखुरी कॉपी सेकंदाला ४० एमबीच्या आसपास. २०० जीबी दीड तासाच्या आत. टेबलापर्यंत वायरच ओढली असती तर शंभरच्या पुढे गेलं असतं, पण भाड्याचं घर, आणि मालक खिळा मारू देत नाही.

निघताना सहज विचारलं, "ही एसएसडीची मूळ केबल का?" तर म्हणे नाही, मूळ केबल कुठल्या तरी हॉलवर राहिली, ही स्टेशनजवळून दीडशे रुपयांना घेतलेली. दादांकडे त्याच मॉडेलची दुसरी एसएसडी होती, तिची मूळ केबल लावून २.४ वर मुद्दाम परत टेस्ट घेतली, ६५ वरून ५० पर्यंतच खाली आलं. केबलींची अदलाबदल केली तर त्रास बऱ्यापैकी दीडशेवाल्या केबलीबरोबर गेला. शिल्डिंगच्या (कचरा आत अडवणाऱ्या धातूच्या आवरणाच्या) नावाने आत काय असेल देव जाणे, कापून बघायची होती पण ताईंनी ती रागाने आधीच कचऱ्यात टाकली.

आता मला काय टोचतंय ते सांगतो. ताई नवा राऊटर परत करायला दुकानात गेल्या तर दुकानदार म्हणतो, "अहो, मग माझ्या राऊटरमुळेच सुटलं ना, ५ गिगाहर्ट्झ त्याचंच वापरताय!" आणि ताईंनी मला फोन करून विचारलं, "खरं सांगा, जुन्यावर झालं असतं का?" जुन्या राऊटरचा खोका माळ्यावर होता, मी वाचला होता, ड्युअल बँड, एसी १२००, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ त्यातही होतं, कागदावर तरी व्हायलाच पाहिजे होतं. पण लावून बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही, आणि लावायला राऊटर जागेवर नाही, तो कधीच बदलापूरला धाकट्या दिरांच्या घरी गेलाय. दीर पुढच्या महिन्यात सत्यनारायणाला येणार आहेत. येताना राऊटर घेऊन यायला सांगितलंय, ॲडॅप्टरसकट.