अंबाझरीतली फुली

नागपूरला लग्नासाठी गेलो होतो. दीक्षाभूमी, झिरो माइल आणि सीताबर्डी एका दुपारीत उरकलं. बर्डीच्या धक्काबुक्कीत मी तरी पुन्हा जाणार नाही. अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात मात्र भल्या सकाळी एका झुडपाशी असा थांबलो की सोबतचा मित्र वैतागला.

कमरेएवढ्या उंचीवर गोल जाळं. मधोमध पिवळ्या पट्ट्यांची कोळीण, डोकं खाली. आठ पाय दोन-दोन जोडून चार दिशांना ताणलेले आणि त्याच रेषेत जाड, पांढऱ्या, नागमोडी रेशमाची फुली. आर्जिओपी, म्हणजे सिग्नेचर स्पायडर. पावसाळा सरताना या चांगल्या मोठ्या झालेल्या असतात.

"काय पाहून राहिला बे एवढं?"

फुली दाखवली. "पण कायले काढते ते?"

जाळं दिसू नये यातच कोळ्याचं पोट, मग मधे ही ठळक नक्षी कशाला? मजबुतीसाठी, असं पूर्वी मानत. पण ती जाळ्याला सैलसरच चिकटवलेली असते. कोणी म्हणतं, हे रेशीम अतिनील किरण परावर्तित करतं, त्याला भुलून किडे येतात. पण १९९९ साली छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात नक्षीच्या जाळ्यांत भक्ष्य कमीच सापडलं, मात्र पक्ष्यांनी जाळी फाडणंही घटलं. त्याआधी, १९८३ साली, आयस्नर आणि नोविकी या शास्त्रज्ञांनी साध्या जाळ्यांवर कागदाच्या फुल्या लावून पाहिलं होतं. पक्षी उडू लागल्यावर साधी जाळी तुटली, फुलीवाली बरीचशी टिकली.

मला हेच पटतं: फुली म्हणजे पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून लावलेली पाटी. नक्षी काढणारे बहुतेक कोळी दिवसभर जाळ्यात उघड्यावर बसतात; रात्रीपुरतं जाळं विणून पहाटे आवरणारे या भानगडीत पडत नाहीत. तरी कोडं सुटलं म्हणवत नाही, कारण तीच कोळीण एखाद्या दिवशी नक्षीशिवायच जाळं विणते. आणि फुलीचा तोटाही आहे: कोळी खाणाऱ्या काही उड्या मारणाऱ्या कोळ्यांना तिच्यामुळे शिकार सापडते.

"म्हणजे पक्कं कोणालेच माहीत नाही!" मित्र जिंकल्यासारखा हसला. एका ओळीत मावलं नाही की उत्तरच नाही म्हणायचं, याची मला मनस्वी चीड आहे.

तेवढ्यात फिरायला आलेले एक गृहस्थ हातातली काठी समोर फिरवत आले. जाळं फाटलं, कोळीण धाग्यावरून खाली सटकली. "तोंडाले लागते ना जी," ते शांतपणे म्हणाले. वाट दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद होती! पक्ष्यांना कळणारी पाटी माणसाला वाचता येत नाही. मी भांडणारच होतो, मित्राने दंड धरून गेटकडे चालवलं.

कोळी बघायला जाल तर एकटेच जा. सोबत नागपूरकर असेल, तर त्याला आधी तर्री-पोहे खाऊ घाला. उपाशी नागपूरकर दहा मिनिटांच्या वर कुठल्याच जीवशास्त्राला उभा राहत नाही.