कनवटीची पावती

"बाई, ते कमळ राहू द्या. ह्याच्यावर काय लिवलंय ते सांगा."

माझ्या प्रौढ साक्षरता वर्गातल्या एका मावशींनी कनवटीला खोचलेली रेशनची पावती काढून माझ्यासमोर धरली. चार घड्या पडलेली, शाई फिकटलेली. मी वाचून दाखवणारच होते, पण काय वाटलं कोण जाणे, पावती सतरंजीवर मधोमध ठेवली. म्हटलं, सगळ्या मिळून वाचू.

एकीला एसटीच्या पाट्यांमुळे आकडे येत होते. दुसरीनं नातवाच्या नावातला 'त' ओळखला आणि तिथून 'तांदूळ' सापडला. तिसरीला एकही अक्षर येत नाही, पण तिनंच हिशोब मांडला: माणशी पाच किलो, घरात पाच माणसं, म्हणजे पंचवीस. पावतीवर तांदूळ १५, गहू १०. जुळलं!

मावशी पावतीवरून बोट फिरवत हळूच म्हणाल्या, "म्हंजी मला निम्मं येतच हुतं की."

घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. दोन महिने मी त्यांना कोरी पाटी समजून शिकवत होते. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली अँजिकोस गावात मजुरांना अक्षरओळख करून दिली, ती त्यांच्याच रोजच्या बोलण्यातल्या शब्दांपासून. मी हे वाचलेलं होतं. तरी फळ्यावर कमळच काढत राहिले, याचं फार वाईट वाटतंय.

उद्या प्रत्येकीला घरातला एक कागद आणायला सांगितलाय. लाइटबिल, औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिका, काहीही.

तुमच्यापैकी कुणी प्रौढांचे वर्ग घेता का? पहिला शब्द कोणता घेता?