पेटी बल्बखाली ठेवली आहे

पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, काळी चार दाबली की वर येत नाही. नऊ दिवस झाले, ओल जावी म्हणून पेटी गोधडीत गुंडाळून आत साठचा पिवळा बल्ब लावून ठेवतेय. सासूबाईंच्या वेळी बल्बाच्या जागी शेगडी असायची आणि रात्री दोनदा उठून त्या निखारे बघायच्या. मी बटण दाबून झोपते. पण माथेरानात पावसाळ्यात वीज जाते, आणि वीज गेली की पेटीची ऊबही गेली. सकाळी उठून सूर लावला की पेटीच्या घशात बेडूक.

आज २ ऑगस्ट २०२६. श्रावण लागायला अकरा दिवस आहेत. आमच्या भजनी मंडळाकडे सध्या एक अडकलेली पेटी, एक ढिला पखवाज आणि सात बायका आहेत. त्यातल्या दोघी मुलींच्या बाळंतपणासाठी खाली गेल्यात. 'खाली' म्हणजे नेरळ, कर्जत, बदलापूर, मुंबई, पुणे, सगळंच. डोंगर उतरला की सगळं खाली.

हे लिहायला बसले त्याला कारण डोंबिवलीचा पुतण्या. गेल्या दिवाळीत त्याचा फोन, "काकू, चार दिवस येतोय, गावात काही कार्यक्रम आहेत का?" मी तेव्हा दुकानात, एका हातात चिक्कीचा तराजू, दुसऱ्या हातात सात नंबरची चप्पल, समोर पंधरा माणसं. म्हटलं, बाबा, दिवाळीत गावात कार्यक्रम नसतो, गिऱ्हाईक असतं. त्याला राग आला असावा. म्हणून यंदा वेळेवर सांगते. तुम्ही जे कोणी इथून शिकायला, नोकरीला, लग्न होऊन खाली गेलात, त्यांच्यासाठी हे आहे. पर्यटकांनीही वाचावं, हरकत नाही.

आमच्या गावाचं पंचांग थोडं वेगळं चालतं. लोकसंख्या चार-साडेचार हजार. मे महिन्यात आणि सुट्ट्यांच्या शनिवार-रविवारी बाजारपेठेत आपल्याच माणसाचा चेहरा शोधावा लागतो. घोडेवाले, हमाल, दुकानदार, लॉजवर काम करणारे, सगळे त्या दिवसांत कमावतात. त्या दिवसांत नाटक बसवा, गाणं ठेवा म्हटलं तर कोण येणार? मग पाऊस लागतो. नेरळहून वर येणारी छोटी गाडी जूनच्या मध्यावर थांबते ती थेट ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होते. दुकानांना प्लास्टिकचे कागद लागतात, धुकं घरात शिरतं, आणि गाव पुन्हा आमचं होतं. आमचं गाणं, नाच, जेवणावळी, भांडणं, सगळं या चार महिन्यांत उरकून घ्यायचं.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण लांबलेत. गणपती थेट १४ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला. त्याचा फायदा असा की तालमीला वेळ मिळाला. तोटा असा की बुरशीलाही वेळ मिळाला.

सणांची सुरुवात १७ ऑगस्टला. पहिला श्रावणी सोमवार आणि नागपंचमी एकाच दिवशी. पिसरनाथाला, म्हणजे आमच्या ग्रामदैवताला, सकाळी जायचं. शार्लोट तलाव तेव्हा भरून वाहत असतो आणि देवळात पाण्याच्या आवाजापुढे घंटा ऐकू येत नाही. भजन तिथेच. माईक नाही, लागतही नाही, कारण कितीही ओरडलं तरी पाणीच जिंकतं. छत्री आणू नका, वाऱ्याने उलटी होते. इरलं नसेल तर रेनकोट.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आमच्या आळीत मंगळागौर. यंदा आळीत एकच नवी सून आहे, सोलापूरची. जूनमध्ये तिने मला विचारलं होतं, "काकू, हा पाऊस थांबतो कधी?" मी म्हटलं, "थांबला की तुला दुकानात बसायचंय, तेव्हा आत्ता झोपून घे." ती बिचारी झोपत नाही, रोज संध्याकाळी झिम्म्याची प्रॅक्टिस करते. पिंगा, आगोटा-पागोटा, किस बाई किस, सगळं तिला येतं, वर तिकडच्या चार ओव्या आम्हाला नव्या मिळाल्या. शेजारच्या भाभी ढोलकी वाजवणार आहेत. त्यांच्या घरी चार घोडे आहेत. लग्नाघरच्या ढोलकीवर वाढलेल्या आहेत त्या. आमचा पखवाज ओलीने बसला की त्यांची ढोलकी तेवढी बोलती राहते, याचं कारण मला कळत नव्हतं. ती तबेल्यात गवताच्या गंजीत ठेवतात म्हणे. यंदा आमचा पखवाजही तिथेच पाठवलाय. घोड्याने चघळला नाही म्हणजे मिळवली.

पखवाजाविषयी आणखी थोडं, कारण खालच्या मंडळींना ही कटकट ठाऊक नसते. पावसात चामडं ओल धरतं आणि सूर उतरतो. तो चढवायला लाकडी गठ्ठे ठोकावेत तर चामड्याची वादी आधीच फुगलेली. डाव्या तोंडाला कणीक लावतो ती सुकत नाही, उलट आंबते. गेल्या वर्षी पिसरनाथाला तिसऱ्या अभंगापर्यंत पखवाजाला चक्क भाकरीच्या पिठाचा वास यायला लागला होता. वाजवणारे काका तीस वर्षं हातरिक्षा ओढत आले, खांदे असे की पखवाज त्यांच्या मांडीवर तान्ह्या पोरासारखा दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने गेल्या वर्षी ६ ऑगस्टला हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, तो निकाल त्यांना मी मोबाइलवर वाचून दाखवला. ऐकून घेतलं, आणि "ताई, कणीक जरा घट्ट मळा," एवढंच म्हणाले.

मुलांसाठी दोन गोष्टी आहेत. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर चित्रकला. विषय यंदा मुलांनीच ठरवला, 'माकडाने काय नेलं'. पंचवीस मुलांना पंचवीस वेगळी चित्रं सुचतील, याची मला खात्री आहे. माझ्या डोळ्यांदेखत माकडाने नेलेल्या वस्तूंत चष्मा, अर्धा डझन केळी आणि गणपतीपुढचा नारळ आहे. आणि ६ सप्टेंबरच्या रविवारी मातीचे गणपती. गेल्या वेळी माझाच शहाणपणा नडला. म्हटलं, खालून शाडू कशाला आणायची, आपल्या डोंगराची लाल माती एवढी सुंदर आहे. आहे सुंदर, पण जांभ्याची माती ती, खरबरीत. मूर्ती झाल्या, आणि सुकताना एकेकीला अशी भेग गेली की एका मुलाने पोटाला दोरा बांधला आणि विचारलं, "हा नाग आहे असं म्हणू का?" यंदा शाडू येणार. वीस किलो. कोण आणणार ते पुढे सांगते.

गणपती. आमच्या मंडळाची मूर्ती दोन फुटांची, त्याहून मोठी नाही. पर्यावरण वगैरे कारणं नंतर आली. मूळ कारण असं की पेणहून खोपोली, कर्जत, नेरळ करत टेम्पो घाट चढतो आणि दस्तुरी नाक्यावर थांबतो. पुढे गावात मोटारींना बंदी. पुढचे अडीच-तीन किलोमीटर देव माणसाच्या डोक्यावर येतो, आणि पावसात, शेवाळलेल्या वाटेवर, डोक्यावर दोन फुटांहून मोठा देव घेऊन चालून बघावं ज्याला हौस आहे त्याने. मुंबईच्या मंडळांना उंचीची स्पर्धा परवडते कारण तिथे ट्रॉली आहे.

डीजे याच कारणाने नाही. दोन वर्षांपूर्वी काही उत्साही पोरांनी खालून दोन मोठे स्पीकर भाड्याने आणले. घोड्यावर बांधले. वाटेत विजेचा कडकडाट झाला, घोडा बुजला, आणि एक स्पीकर चिखलात तोंडघशी. पोरांनी भरपाई करताना जी वर्गणी काढली, तिच्यात आमचा वर्षाचा प्रसाद झाला असता. तेव्हापासून लेझीम, ताशा, झांजा. जे माणसाला हातात धरता येतं तेच वाजतं.

आता माझ्या हौसेची गोष्ट. माझं माहेर माणगावकडचं. तिथे गौरी-गणपतीत बाल्यानाच असतो. मधे ढोलकीवाला आणि गाणारे बसतात, भोवती एका पायात चाळ बांधलेली पोरं गोल फिरतात. आधी गण, मग गवळण, आणि मग शक्तीवाले नि तुरेवाले या दोन पक्षांची सवाल-जवाबांची जुंपते ती पहाटेपर्यंत. लग्न होऊन इथे आले त्याला तीस वर्षं झाली, दरवर्षी गौरीच्या रात्री माझा पाय आपोआप हलतो. यंदा भावाने कबूल केलंय, १९ सप्टेंबरच्या शनिवारी माहेरची बारी, म्हणजे नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचा संच, वर येणार. अठरा माणसं. त्यांच्या जेवणाचं माझ्याकडे. वालाचं बिरडं, भाकरी, आणि पातोळ्या. हळदीची पानं परसात आहेत, तेवढं एक या पावसात मनापासून वाढतं. आमचे हे म्हणतात, "सवाल-जवाबात तुझा भाऊ माथेरानला टोमणे मारणार." मारू दे की. जवाब द्यायला आमच्याकडे सोलापूर आहे.

२५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. विसर्जनाची मिरवणूक दुपारी तीनला निघेल, सहाला अंधार पडायच्या आत संपेल. धुक्यात पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही, तेव्हा लेझीमवाल्यांनी पांढरे सदरे घालू नयेत. गेल्या वर्षी सगळे पांढऱ्यात होते आणि नुसत्या लेझमा हवेत नाचत होत्या.

नवरात्रात भोंडला आणि गरबा दोन्ही असतं, त्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे असतं. फक्त दसऱ्याला या. त्या दिवशी घोड्यांना न्हाऊ घालून, झेंडूच्या माळा घालून ओवाळतात. भाभींचा सगळ्यात म्हातारा घोडा ओवाळताना डोळे मिटतो. इतरांना विश्वास बसत नाही, मी तीन वर्षं बघितलंय. तोवर पाऊस ओसरलेला असतो, दुकानांचे कागद निघतात आणि माझी चप्पल पुन्हा दोरीला टांगली जाते.

मग कोजागरी, २५ ऑक्टोबर, रविवारची रात्र. हा एकच कार्यक्रम असा की त्याला गावही असतं आणि पाहुणेही. पेमास्टर पार्कात दूध आटवायचं. दूध मात्र खालून येतं, तेव्हा ते दुपारपर्यंत दस्तुरीला पोचलं पाहिजे हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. आमचं मंडळ गौळणी म्हणणार. इथून शिकून बाहेर पडलेला एक मुलगा बासरी वाजवतो, तो येतोय. बाकी ज्याला गाता येतं त्याने गावं, मात्र एकेकाला दोनच गाणी. ही अट माझ्या नणंदेसाठी आहे आणि तिला ती ठाऊक आहे.

दिवाळी आम्ही तुळशीच्या लग्नाला करतो. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला दुकानातच, गल्ल्यावर फूल ठेवून. फराळ, नवे कपडे, रांगोळी, सगळं गर्दी उतरल्यावर. इथल्या मुलांना पहिली आंघोळ अशी उशिराच मिळते, त्यांची काही तक्रार नसते.

१ डिसेंबर विसरू नका. भाई कोतवालांचा जन्म १९१२ साली त्या तारखेला याच गावात झाला. वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभा करून विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झाले. शाळेत भाषणं होतात, पण तीच तीच, पाठ केलेली. यंदा मी मुलांना सांगितलंय, भाषण नको. आपापल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुम्ही भाईंविषयी काय ऐकलंत, आणि ते जसंच्या तसं येऊन सांगा. एका मुलीने आत्ताच विचारून ठेवलंय. तिची पणजी म्हणाली म्हणे, "मला काय विचारतेस, तेव्हा माझे बाबा मला घराबाहेरच पाठवत नव्हते." तेच सांग म्हटलं, तेच हवंय.

आता शाडू कोण आणणार. जो कोणी पाच सप्टेंबरपर्यंत वर येतोय त्याने नेरळहून दोन-दोन किलो आपल्या पिशवीत टाकावी. दहा जण आले की झालं. नेरळला टॅक्सी मिळते, दस्तुरीला उतरा, पुढे अमन लॉज स्टेशनहून छोट्या गाडीची शटल असली तर ठीक, नाहीतर चालत. पोरांची लेझीमही अशीच आली होती, चार-चार करून, तीन आठवड्यांत.

हे लिहिता लिहिता वीज गेली. पेटी चुलीजवळ आणून ठेवली, फार जवळ नाही, सासूबाई हातभर अंतर सांगायच्या. मघाशी हळूच दाबून बघितली. काळी चार अर्धी वर आली.