आय-सेव्हन सोडून आय-थ्री? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, बारशात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, गाठ पडली की विचारतात, "तुम्ही पोरांना गेमिंगच्या पीसीत आय-थ्री प्रोसेसर का घ्यायला लावता? थोडे पैसे घालून आय-सेव्हन नको का?" सूर असा, की मी पोराला 'ड' तुकडीत टाकतेय.

एकदा नीट सांगते, मग पुन्हा विचारू नका. इंटेलच्या प्रोसेसरांची थ्री, फाइव्ह, सेव्हन ही उतरंड एकेका पिढीपुरती असते. नावापुढचा आकडा, ज्यातून पिढी कळते, तो वाचला नाही तर तिला काही अर्थ नाही. आय-सेव्हन ३७७० आला २०१२ मध्ये: चार कोअर (काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). आय-थ्री १२१००एफ आला २०२२ मध्ये: त्यातही चार कोअर, आठ थ्रेड. गिगाहर्ट्झही, म्हणजे कमाल वेगाचे आकडेही, कागदावर फार लांब नाहीत, ३.९ आणि ४.३. पण तेवढ्याच वेगात नवा कितीतरी जास्त काम उरकतो. एकेका कोअरचा हिशेब केला तर दीडपटीहून जास्त. जुन्याला एव्हीएक्स२ नावाच्या नव्या सूचना कळतच नाहीत, त्यामुळे त्या मागणारे गेम त्याच्यावर उघडत नाहीत. विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही तो नाही.

हे सगळं मी भाऊजींनाही सांगितलं होतं. पुतण्याची दहावी झाली होती, पीसी कबूल केलेला, मॉनिटर सोडून पन्नास हजारांपर्यंत तयारी. मी कॉन्फिगरेशन कागदावर लिहून दिलं: १२१००एफ, एच६१० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीचे दोन रॅम, साठवणीला ५०० जीबीची एनव्हीएमई, बऱ्या कंपनीचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), आणि निम्म्याच्या आसपास पैसे एकट्या आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्डाला. (एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. 'कार्ड दिवाळीत बघू' म्हणणाऱ्यांनी एफवाला घेऊच नये, डिस्प्लेच येणार नाही.)

कागद घेऊन भाऊजी दुकानात गेले. रात्री फोन आला. "वहिनी, आय-सेव्हन मिळाला! सोळा जीबी रॅम, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट. अठ्ठावीस हजारांत सगळं."

शनिवारी मी कराडला गेले. पुतण्याने कौतुकाने लाइट लावून दाखवले, पंखे लाल-निळे-जांभळे होत राहिले. मग जीटीए ५ गेम लावला. सेटिंग सगळी लो, रिझोल्यूशन ७२०, तरी चौकात गाडी वळवली की चित्र अडखळायचं. "काकू, एखादा ड्रायव्हर टाकायचा राहिलाय का?" प्रोसेसर कोणता ते दाखवणारं सीपीयू-झेड उघडलं: ३७७०. बाजूची काच काढली. कार्ड जीटी ७३०, २०१४ चं, वेगळी पॉवर केबलसुद्धा न मागणारं. त्याचा पंखा कॅबिनेटच्या पंख्याच्या निम्मासुद्धा नव्हता. मेमरी चार जीबी होती, पण जुन्या, संथ डीडीआर३ जातीची. मेमरी भरपूर लावली म्हणून चिप धावत नाही. बोर्ड एच६१. बोर्डाचा खोका नवाकोरा, त्यावरची मुख्य चिप २०११ ची.

भाऊजी दारातूनच म्हणाले, "पण आय-सेव्हन आहे ना?"

होता. बिलावर एकही शब्द खोटा नव्हता. 'प्रोसेसर आय-सेव्हन', पिढी लिहिलेली नाही. खाली 'टेस्टिंग वॉरंटी १ महिना'. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, मॅडम, साहेबांनी बघून घेतलंय. आणि सुधारायचं म्हटलं तरी काय काय सुधारणार? प्रोसेसर नवा घ्यायचा म्हणजे बोर्ड बदलायचा, बोर्ड बदलला की डीडीआर३ रॅम बाद. एसएमपीएसचं तर नावही कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यावर आरएक्स ६६०० जोडायला मी हात लावला नसता. राहता राहिलं कॅबिनेट.

पुतण्या म्हणाला, "असू दे काकू, व्हॅलोरंट चालतंय." जेवताना भाऊजी म्हणाले, "तुम्ही तेव्हाच ठासून सांगायला हवं होतं." कागदावर लिहून देण्यापेक्षा ठासून कसं सांगतात, मला खरंच माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई अजून आय-थ्रीलाच चिकटून आहे. तसं नाही. 'चार कोअर पुरतात' असं २०२२ मध्ये मी छातीठोकपणे सांगायचे. आता सांगवत नाही. नव्या मोठ्या गेममध्ये चारही कोअर शंभर टक्क्यांना टेकतात; सेकंदाला सरासरी फ्रेम (चित्रं) बरे दिसतात, पण मधूनच झटका बसतो. म्हणून हल्ली थोडे पैसे जास्त घालून एएमडी कंपनीचा सहा कोअरचा रायझन फाइव्ह ५६०० सुचवते. ५५०० नाही हं. कोअर तितकेच, पण कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आणि कार्डाशी जोडणी जुन्या पीसीआयई ३.० वरच अडकलेली. यावर तेव्हाची मी आत्ताच्या मला विचारते, हेच पैसे कार्डात घातले तर रोज दिसतील की नाही? मोठ्या गेममध्ये दिसतील. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये नाही, तिथे कार्ड मोकळं बसतं आणि प्रोसेसर दमतो. म्हणजे निम्मे पैसे कार्डाला हा माझा नियमच तिथे उलटा होतो.

म्हणून हल्ली मी आधी पोरांनाच विचारते, तू खेळणार काय? उत्तर येतं, "सगळंच."