सिद्धेश्वरमध्ये 'डी' किती?

इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, एम.ए. केलं, ध्वनिशास्त्राच्या पेपरात चांगले मार्क पाडले. आणि अडकले कुठे, तर वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगात.

सोलापुरात गल्लीगणिक एक सिद्धेश्वर सापडतो. मराठीत त्या नावाची काही भानगड नाही. इंग्रजीत मात्र 'डी' एक की दोन, पुढे 'डब्ल्यू' की 'व्ही', ज्याच्या मनाला येईल तसं. माझ्या दहावीच्या मार्कलिस्टवर दोन 'डी' आणि 'डब्ल्यू'. बी.ए.च्या सहाही सेमिस्टरवर एक 'डी' आणि 'व्ही'. बी.एड.च्या प्रवेशाला कागद तपासणाऱ्या बाईंनी पेन्सिलीने गोल केला, तेव्हा कुठे दिसलं.

दुरुस्तीचा अर्ज कॉलेजमार्फत जातो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, धाकटा भाऊ अजून तिथेच शिकतोय. मे महिना, डोक्यावर ओढणी, हातात फाईल. पहिल्या दिवशी क्लार्क जेवायला गेलेले. दुसऱ्या दिवशी, "दहावीची झेरॉक्स लावा की ओ म्याडम." लावली. मग ती साक्षांकित पाहिजे. मग अ‍ॅफिडेव्हिट. मग प्राचार्य मीटिंगला. सहाव्या फेरीला अर्जच सापडेना. मी आवक नंबर, म्हणजे अर्ज पोचल्याच्या नोंदीचा नंबर, घेतला नव्हता. तुम्ही अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय हलायचंच नाही.

त्या दिवशी मात्र माझा आवाज चढला. क्लार्क शांतपणे उठले, कपाटातून गठ्ठा काढला, माझा पहिल्या वर्षाचा फॉर्म समोर ठेवला. "सही तुमचीच न्हवं?" माझीच होती. नेट कॅफेवाल्याने टाईप केलं, मी न वाचता सही ठोकली. काय बोलणार?

शेवटी पत्र तयार झालं, तर त्यात नावाचं तिसरंच स्पेलिंग. मी म्हटलं, "सर, उठा जरा, मी टाईप करते." आणि त्यांच्या खुर्चीत बसून केलं. एम.ए. इंग्लिशचा मला झालेला पहिला रोख उपयोग. पुढे विद्यापीठात दोन फेऱ्यांत काम झालं. काका म्हणाले, "नशीब समज, २००४ च्या आधी सोलापूरला विद्यापीठच नव्हतं, कोल्हापूर गाठावं लागायचं."

"इंग्लिश करून पुढे काय?" हे त्या सहा फेऱ्यांत शिपायानेही विचारलं. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०. त्यानंतर नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकांसाठीची देशाची किंवा राज्याची पात्रता परीक्षा. नेटला दीडशे प्रश्न, ३०० मार्क, तीन तास. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच फॉर्म भरता येतो. मी निकालाची वाट बघत बसले आणि एक संधी घालवली. पण पास झालं की नोकरी, असं नाही. बरेच जण तासिका तत्त्वावरच शिकवतात, आणि पैसे हातात कधी पडतील त्याचा भरवसा नाही. शाळेत शिकवायचं तर बी.एड.ची दोन वर्षं आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. मी त्या वाटेने निघालेय. वर्गातली एक मैत्रीण पुण्यात कंपनीत लागली, एक अनुवादाची कामं करते. सध्या तीच सगळ्यांत खूश दिसते. आणि बोलता यावं एवढ्यासाठीच कोणी इंग्लिश स्पेशल घेत असेल, तर घेऊ नका. इथे कविता आणि समीक्षा वाचावी लागते, बोलणं आपलं आपणच शिकायचं.

एक राहिलंच. मार्कलिस्ट लॅमिनेट करू नका. माझी चौथ्या सेमिस्टरची अण्णांनी कौतुकाने नवी पेठेतून लॅमिनेट करून आणली होती. दुरुस्तीला मूळ प्रत जमा करायची, तर ती तशी घेईनात. रात्री अण्णा ब्लेड घेऊन बसले, कडेने प्लास्टिक सोडवत, स्वतःच्याच चुकलेल्या नावापर्यंत.